मंगळवार

दर मंगळवारी चार वाजता
रामबागेतल्या हॉलची किल्ली माझ्याकडे असते,
कारण माझं घर जवळ,
आणि गुडघ्यांमुळे मला आता कुणी भूमिका देत नाही.
मी प्रॉम्प्टर.
दोनशे पानी वही, पेन्सिलीच्या खुणा,
पडद्याच्या कडेला एक मोडकी फोल्डिंग खुर्ची.
बावीस वर्षं सगळ्यांची वाक्यं पुटपुटते आहे,
माझं स्वतःचं एकही नाही.

सव्वाचारपर्यंत कुणी येत नाही.
मग एकदम सगळ्या:
कुसुमताई ऑटोवाल्याशी दहा रुपयांवरून हिंदीत भांडत,
भांडण संपताच दारात मराठीत दमत;
प्रतिभा बँकेतून थेट, गळ्यात ओळखपत्र तसंच;
उल्का दिघे, जी यंदा इन्स्पेक्टर आहे,
नवऱ्याचा बेल्ट पर्समध्ये गुंडाळून.
एकीनं जिरावन घातलेले पोहे आणलेत,
एकीनं नुसत्या बातम्या.
"काय करून राहिली सून?"
"जॉब करून राहिली, बंगलोरला."
पुण्याची माझी बहीण हे असलं मराठी ऐकून हसते.
हसू दे. तिच्या पोह्यांवर शेव नसते.

नाटक आमच्याच शालिनीबाईंनी लिहिलंय,
विजेच्या बिलांच्या मागच्या बाजूला.
तीन अंकी होतं, कापून कापून एक झालं,
तरी त्यात एक मरण आणि एक लग्न शिल्लक आहे.

नायिका ऋता मुळ्ये. कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवते.
उभी राहिली की मागच्या खुर्च्यांवरची कुजबुज थांबते.
फक्त तिला ळ येत नाही.
स्वतःचं आडनाव ती 'मुल्ये' सांगते.
दुसऱ्या प्रवेशात, आजारी मुलाच्या उशाशी तिनं म्हणायचंय:
थोडी कळ काढ, बाळ. वेळ टळून जाईल.
ती म्हणते:
थोडी कल काढ, बाल. वेल टलून जाईल.
डोळ्यांत खरं पाणी असतं तिच्या,
आणि आम्ही तोंडात ओढण्या, पदर कोंबून बसलेल्या.
आमच्या शहरात कल म्हणजे काल, कल म्हणजे उद्याही.
दुखणं सोडून सगळं.

"जीभ वर, मागे, टाळूला," मी विंगेतून.
"बाल."
"टाळूला गं."
"तालूला?"
शालिनीबाई म्हणाल्या, वाक्यच बदलू या.
मी म्हटलं, बदलायचं नाही.
आवाज जरा मोठाच झाला माझा.

तेव्हा रामकन्या कप धूत होती.
हॉलची झाडलोट तिची; देवासकडच्या कुठल्याशा गावची.
आठ वर्षांत 'चहा' आणि 'अजून एक' यापलीकडे
तिला काही म्हटलेलं मला आठवत नाही.
नळ बंद करून ती दारात आली, हात ओले,
आणि म्हणाली:
थोडी कळ काढ, बाळ. वेळ टळून जाईल.
चारही ळ,
पोहरा पाण्याला टेकावा तसे.

"म्हारा गाम में तो सब असोज बोले, बेनजी.
काळो, पीळो, माळवो."

शालिनीबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
इन्स्पेक्टरही गप्प.
ऋता उठून तिच्यासमोर उभी राहिली,
"फिर से बोलो ना, दीदी,"
आणि तिच्या तोंडात बघत राहिली
दातांच्या डॉक्टरसारखी.

अर्धाच प्रवेश झाला त्या दिवशी.
सात वाजता सगळ्यांची घरं: कुकर, ट्यूशन, सासूची गोळी.
ऋता स्कूटरवरून, हेल्मेटमधून ओरडली,
"काकू, मुळ्ये!"
जवळजवळ. ल आणि ड यांच्या मध्ये कुठेतरी.

कुलूप लावताना लक्षात आलं,
रामकन्याला ते वाक्य पाठ होतं.
ते, त्याच्या पुढचं, बहुतेक त्याच्याही पुढचं.

वहीच्या मागच्या पानावर पात्रांची यादी आहे.
शेजारीण: जागा रिकामी,
मालती मुलाकडे गेली ती आलीच नाही.
दोन वाक्यं आहेत शेजारणीला.
मी फाटकापर्यंत जाऊन हाक मारली,
पण सिग्नल सुटला होता, हॉर्नांमध्ये पोचली नसावी.
मग खांबाच्या उजेडात तिचं नाव लिहिलं,
पेन्सिलीनं.
माझी सवयच आहे,
सगळं खोडता येईल असं लिहायची.