अडकत नाही

पशुखाद्याच्या दुकानामागे माझं टेबल.
वर एक ट्यूबलाइट, खाली तेलाचे डाग,
डाव्या हाताला रेडिओ, त्यावर हवामानच तेवढं लागतं.
केंटकीच्या या खोऱ्यात उन्हं अकराला उतरतात,
तीनला निघून जातात.
मधल्या वेळात लोक पिस्तुलं घेऊन येतात.

बहुतेकांकडे तेच एक. एकशे नव्वद डॉलरचं.
दिसायला वीट, हातात घेतलं तरी वीट.
कंपनीचं नाव सांगताना माणसं खाली बघतात,
लग्नात उसना कोट घालून गेल्यासारखी.
आणि लगेच मान वर:
"पण अडकत नाही हं."

टपाल वाटणारी ड्रेमा सांगते,
गाडीच्या खणात दोन हिवाळे पडून होतं,
पावत्यांखाली, कुत्र्यांना टाकायच्या बिस्किटांखाली,
त्यांचा चुरा पार नळीत गेलेला.
परवा खाणीच्या ढिगाऱ्यावर नेऊन झाडलं,
पन्नासच्या पन्नास गोळ्या, एक कुरकुर नाही.
"एवढा तर माझा नवराही चालला नाही,"
म्हणते, आणि हसता हसता खोकते.

एस्टिलने सहा वर्षांत एकदाच चाप ओढला.
कोंबड्यांच्या खुराड्याशी, रात्री, रॅकूनवर.
पिस्तूल चाललं. नेम चुकला.
बादलीला भोक पडलं.
ती बादली तो अजून वापरतो,
भोकापर्यंत भरून.

मार्चमध्ये एक जण आला. नाव सांगत नाही.
पावाच्या पिशवीत गुंडाळून आणलेलं.
मी सवयीने विचारलं, "काय बिघडलंय?"
"काहीच नाही," म्हणाला.
बराच वेळ रेडिओ ऐकत उभा राहिला. वरच्या भागात गारपीट.
मग म्हणाला, "पोराच्या खोलीत होतं."

ते मी विकलं नाही.
शिकंज्यात धरून तीन तुकडे केले.
कापताना करवतसुद्धा
अडकली नाही.

व्हर्लिन स्टॅम्पर मात्र दर शनिवारी येतो, ओलेटाला घेऊन.
चाळीस वर्षं कोळसा. बोटं आता आल्याच्या गड्ड्यासारखी,
डोळ्यांत जाळं.
स्लाइड मागे ओढवत नाही त्याला.
"स्प्रिंग जरा मऊ कर की."
मऊ केली तर दगा देईल, मी सांगतो,
भरवसा आहे तो त्या कडकपणातच.
तो गप्प होतो. हे वाक्य त्याने
आधीही कुणाकडून तरी ऐकलेलं असावं.

मग ओलेटा पर्स बाजूला ठेवते,
लोणच्याच्या बरणीचं झाकण काढावं तशी
एका हिसक्यात: खट्ट.
"रोज रात्री मीच करून देते," ती म्हणते,
"उशाशी ठेवतो आणि घोरायला लागतो."
व्हर्लिन हसतो. सोनेरी दात दिसतो.

मागच्या ऑक्टोबरात ती एकटीच आली होती.
सरावाची खोटी काडतुसं हवीत म्हणाली,
दारू नसलेली, खऱ्यासारखी.
"नातवाला शिकवायचंय."
मी दिली. नोटा घडी घालून घालून
टपाल तिकिटाएवढ्या झालेल्या.
नातू मिशिगनला असतो,
आला तर नाताळात दोन दिवस.

हे मला तेव्हाच माहीत होतं.

आज तिच्या कोटाच्या खिशात काहीतरी खुळखुळलं,
औषधाच्या डबीसारखं, पण जड.
तिने वर हात दाबला. माझ्याकडे पाहिलं नाही.
मी खिडकीकडे पाहिलं.
तीन वाजत आले होते.

स्लाइडवर दोन थेंब तेल सोडलं, चिंधीने पुसलं,
मूठ पुढे करून त्याच्या हातात दिलं.
"कसंय?" व्हर्लिनने विचारलं.
"झकास," म्हणालो.
"याचं कधी काही अडायचं नाही."