तक्रार नको, परत नको

रऊफमामाच्या बेंजोचं सातवं बटण
वसमतच्या एका वरातीत तुटलं, साल आठवत नाही.
तहसीलबाहेरच्या टायपिस्टनं दिलेलं
ठ अक्षराचं बटण तेव्हापासून तिथं बसलंय.
सूर बरोबर निघतो. जरा ठसठसतो.

परवा रंग खरवडला, तर खाली
चिमणीच्या पायांसारखी अक्षरं.
प्रणिता म्हणाली, काका, हे जपानी आहे.
म्हणजे हळदीला, उरुसाला, जयंतीला
आपलं म्हणून आम्ही वाजवत आलो
ते तिकडचं निघालं.
मामा म्हणाला, बेंजोला काय गाव विचारतो?
मिरचीला विचारलं का कधी?

मग जिंतूर रोडवर, साऊंड सर्व्हिसच्या मागल्या खोलीत,
मोबाईलवर जपानचा लिलाव.
लिलाव मला नवा नाही.
मोंढ्यात बाप हमाल होता माझा,
रुमालाखाली बोटं कशी बोलतात ते त्यानं दाखवलंय.
इथं रुमाल इंग्रजीचा.
जपानीतून इंग्रजीत, इंग्रजीतून प्रणितात,
प्रणितातून माझ्यात,
तीन घरं हिंडून आलेलं ताक, पातळ होणारच.

परदेशी माणसाला थेट बोली नाही, आडत्या धरा.
बरं, धरला.
देश निवडा.
यादीत जर्मनी वर होती, भारत खाली,
परभणी कुठंच नव्हती.
पायात स्लीपर, हातात चहा,
उंबरा न ओलांडता मी परदेशी झालो.

वस्तूखाली लिहिलं होतं:
आई वाजवायची. आम्हाला कुणाला येत नाही.
आवाज तपासला नाही. लहान घोडा हरवला आहे.
भंगार समजून घ्यावे. तक्रार नको, परत नको.

इतकं खरं मोंढ्यात कुणी बोललं असतं
तर दुपारपर्यंत दुकान बसलं असतं.

लहान घोडा म्हणताना प्रणिता हसून बेजार.
मला मात्र लगेच कळलं:
तारांखालची घोडी नाही.
तिकडंही तिला घोडीच म्हणतात तर!
इंग्रजीच्या डोक्यावरून उडी मारून
ते वाक्य थेट माझ्या मांडीवर आलं.
घोडीचं काय, बाभळीची मी करीन.
मला बटण हवं होतं.

तिथं रात्रीचे दहा, इथं साडेसहा,
आणि लाईट गेली.
मोबाईलला अकरा टक्के.
समोर कुणीतरी एक, नावाच्या जागी नुसत्या चांदण्या.
मी शंभर येन वाढवले, त्यानं शंभर.
शेवटच्या मिनिटाला बोली लागली की
घड्याळ पुन्हा पाच मिनिटं मागं सरकतं.
असं चारदा सरकलं.
कोण असेल हा? टोकियोचा?
काय सांगावं, नांदेडचाच असेल,
त्यांच्या पार्टीतही एक बेंजो खोकतो.
जयंतीच्या बयाण्यातले एकवीसशे जाईपर्यंत
मी अंगठा दाबत राहिलो.
मग चांदण्या विझल्या.

वस्तूपेक्षा वाट महाग पडली.
आडत्याचं वेगळं, वजनाचं वेगळं, कस्टमचं वेगळं,
ते घरी कुणाला सांगितलेलं नाही.

खोकं आलं. आत फुलाफुलांच्या फडक्यात
बेंजो, बटणं सगळी शाबूत,
आणि तळाशी घडी घातलेला कागद.
अक्षरं एक कळेना. पण त्यांच्यावर ओळीनं
पाच, पाच, सहा, पाच, तीन.
अरे, आपलंच की हे!
मामाला शाळा माहीत नाही, बटणांचे आकडे माहीत आहेत.
प्रणिता मोबाईल काढायला गेली.
मामा म्हणाला, थांब पोरी.

घोडी बसवली. तारा ओढल्या.
कागद गुडघ्यावर धरून मामा
त्या बाईची चाल वाजवू लागला,
आधी चाचपत, मग जरा धिटाईनं.
तिसऱ्या ओळीत एका आकड्याभोवती
पेन्सिलीनं दोनदा गिरवलेला गोल होता.

मामाही तिथंच चुकला.