बाण

पॅटरसनच्या टपाल कचेरीत
डोलोरेस वाखोविआकने अकरा वर्षं पत्ते वाचले,
घर एकही पाहिलं नाही.

आता रात्रपाळीला टेलिटाइपशेजारी
कागदावर चौकट आखते:
भाडेकरू. नाव, मजला, थकबाकी.
चौकटीबाहेर एकटा p.

p म्हणजे माणूस नव्हे, नुसता पत्ता.
त्याला टिंब जोडलं की कंपायलर खेकसतो.
आधी चांदणी, तिच्याभोवती कंस, मग टिंब;
कंस विसरला तर टिंबच पुढे घुसतं.

हर्शेल सँडविच चावत म्हणतो,
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, बाण मार:
उण्याची रेघ, तिला खेटून मोठेपणाचं चिन्ह.

p->मजला
यंत्र खडखडतं. चार.
डोलोरेस मोठ्याने हसते.

पहाटे तीनला मात्र
जागा मोकळी करून झालेली, p तसाच.
बाण सुटतो, पोहोचतोही,
आणि नावाच्या जागी छापून येते
कुणा तिसऱ्याचीच थकबाकी.

असलं एक पाकीट तिला ठाऊक आहे:
बापाच्या नावाचं, तो गेल्यावर आलेलं.
सवयीने तिनेच खणात सरकवलं होतं.
चौथ्या मजल्यावरच्या नव्या बाईने
फोडून परत पाठवलं.

ती एक ओळ वाढवते,
p = 0;
आणि कॉफी आणायला उठते.