उतार

चौतीस वर्षं मी टेकड्या काढल्या,
बसून.
सेमिनरी हिल्सच्याच एका कचेरीत, उत्तरेच्या खिडकीशी,
काळ्या शाईनं, केसाएवढ्या निबेनं.
रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा,
लांब लांब गेल्या की सपाटी,
हे नव्या पोरांना शिकवायचो
चहा पिता पिता.

आज पहाटे साडेपाचला, नऊ अंशात,
कानाला मफलर, छातीवर चार सेफ्टी पिना,
नंबर अकराशे सहा.
वय त्रेसष्ठ. गट साठीच्या पुढचा.
गटात आम्ही सात. त्यातले दोघं आलेच नाहीत.

फुटाळ्यापर्यंत सगळेच सोबत असतात.
पाण्यावर वाफ, कुठं कुठं टॉर्च.
मग पोट्टे कानात गाणी खुपसून
दोन्ही बाजूंनी निघून जातात,
नाल्यातल्या दगडाला वळसा घालून पाणी जातं तसे.

आणि वायुसेनानगरचा चढ.
इथं माझ्या रेषा एकमेकींना चिकटायच्या, आठवतं,
शाई पसरायची,
एकदा तर अख्खा कोपरा ब्लेडनं खरवडून
पुन्हा काढला होता.
आता तोच कोपरा पोटऱ्यांत काढतो आहे
आणि ब्लेड नाही.

याच चढाच्या दोन फेऱ्या!
कोणी आखला असेल हा मार्ग?
ज्यानं आखला त्यानं बसून आखला.
मला त्याचा राग येत नाही.
ओळखतो मी त्याला.

बाराव्या किलोमीटरला रेवती पराते,
दातांच्या डॉक्टर, माझ्याहून पाचेक वर्षांनी लहान,
बाजूनं जाता जाता म्हणाल्या,
"चढाचं काही नाही हो. उतारावर सांभाळा."

चढ नुसता श्वास मागतो, तोही उधार.
उतार गुडघे मागतो, रोख.
लोक म्हणतात उतारवय,
जणू सायकलवर पाय वर घेऊन बसायचं
आणि रस्ता आपोआप खाली नेणार.
इथं प्रत्येक पावलाला ब्रेक,
मांडीचा, कमरेचा, दातांचासुद्धा,
आणि तरी अंग पुढे धावतं
माझ्या आधी पोचायला.

सतराव्याला मागे गाडी लागली.
उरलेल्यांना उचलणारी, पहिल्या गिअरात घुरघुरत.
ड्रायव्हरनं काच खाली केली.
"बसून घ्या ना काकाजी. काहून जीव देऊन राहिले?"
आत तिघं, एकाच शालीत.
एक जण संत्रं सोलत होता.
खोटं कशाला बोलू, हात दारापर्यंत गेला होता.
म्हटलं, "बसूनच होतो, भाऊ.
एक फोड द्या फक्त."

बी गालात धरून चार किलोमीटर.

तीन तास एकवीस मिनिटं.
वेळ संपून सहा मिनिटं झालेली.
फुगवलेली कमान आडवी पडली होती,
दोन पोरं तिच्यावर लोळून हवा काढत होती.
चटई गुंडाळलेली, त्यामुळे काहीच वाजलं नाही.
खोक्याजवळचा पोरगा म्हणाला, रिबिनी संपल्या,
नुसतंच पदक देऊ का?
खिशात टाकलं. चावीवर आपटत राहिलं.
पोहे संपले होते, तर्री उरली होती.
द्रोणभर तर्री तशीच प्यायलो,
डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.
त्याला तर्रीचं कारण पुरलं.

संध्याकाळी दुधासाठी जिना उतरलो,
उलटा, कठडा धरून, तोंड वरच्या दाराकडे.
बावीस पायऱ्या. सगळ्या सारख्या अंतरावर.
टेकडीवर असं कुठं नसतं.
दारात विमल, पदर तोंडाला लावून
हसू दाबत.
शेवटच्या पायरीला टेकलो, तशी वरून म्हणाली,
"अहो, पिशवी राहिली.
येता, की टाकू?"