सुट्टे सात रुपये

चिकोडीच्या स्टँडवर कंडक्टरनं
आईच्या तळहातावर सात रुपये ठेवले.
"तगोरी अक्का, निन्नी चिल्लर."
काल घटप्रभेच्या तिकिटामागं त्यानंच लिहून दिलेले,
आणि तुम्ही न घेताच उतरलात, म्हणाला.
काल आई कुठंच गेली नव्हती.
काल ती निपाणीत, वखारीच्या पायरीवर
हजार विड्यांचा हिशेब पुरा करत होती.
सांगेपर्यंत बस सुटली.
तिनं ते पैसे पदराच्या टोकाला वेगळे बांधले
आणि घरी येऊन म्हणाली,
"माझ्यासारखी कोणतरी हाय गे तिकडं."

आज्जी भाकरी थापत होती. थांबली नाही.
तेवढी एक भाकरी एका अंगाला जाड झाली.

जेवणं झाल्यावर, भांडी तशीच ठेवून, तिनं सांगितलं:
मालन आणि शालन. एका दुपट्यात दोघी.
बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात ताप उतरेना,
दूध एकीपुरतंही धड नाही,
आणि शेजारच्या खाटेला भेटायला आलेलं
गोकाकच्या गिरणीतलं एक बिनलेकराचं जोडपं
चार महिने सांभाळतो म्हणालं.
चार महिन्यांनी क्वार्टरला कुलूप.
फाटकावर कुणाला मराठी कळेना.
पुढच्या खेपेला आज्जी
एक कानडी वाक्य पाठ करून गेली.
त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच.
मग खेपा थांबल्या. वाक्य राहिलं.

मी तीन रविवार त्या बसनं फिरले.
तिसऱ्या रविवारी, खिडकीपाशी,
माझीच आई बसलेली: इरकली लुगडं, कपाळाला विभूती,
मांडीवर वांग्यांची पिशवी.
तिनं माझ्याकडं बघितलं, आणि ओळखलं नाही.
आईच्या डोळ्यांना मी परकी,
हे मी त्या दिवशी पहिल्यांदा सोसलं.
मग मोबाईलमधला फोटो दाखवला.
तिनं आधी स्वतःचं नाक चाचपलं.

नीलव्वा म्हणतात तिला, कोण्णूरची नीलव्वा.
आमच्या गल्लीत ती आली तेव्हा
नवरा, दोन लेक, एक सून, करदंटाचे दोन डबे
आणि रिक्षावाला सुद्धा बघायला थांबलेला.
मी मधे उभी, दुभाषी म्हणून, घसा साफ करून.
पण बोललंच नाही कोणी.
आई चपला घालायच्या विसरून रस्त्यात,
मावशी चपला काढायच्या विसरून उंबऱ्याच्या आत,
एकमेकींना ओलांडून गेल्या आणि मागं वळल्या.

आज्जी भिंत धरून उठली.
छत्तीस वर्षं जिभेखाली ठेवलेलं
तिचं ते एकुलतं एक कानडी
जसंच्या तसं बाहेर आलं,
समोर लेक उभी असताना लेकीलाच विचारलं:
"नन्न मगळ एल्लि अदाळरी?"
माझी मुलगी कुठं आहे हो?

"इल्ले अदीनी, अव्वा," मावशी म्हणाली.
इथंच आहे.
याचं भाषांतर मी केलं नाही.

मग दुपारभर खरा तंटा.
दोघी एकमेकींना अक्का म्हणेत.
शब्द दोन्हीकडं तोच, त्यामुळं सुटकाच नाही.
मावशीचा थोरला, रुद्राप्पा, पाण्याचा पेला घेऊन अडलेला,
आईला दोड्डव्वा म्हणावं की चिक्कव्वा?
आज्जीला विचारलं, आधीची कुठली?
"ताप होता गे मला. आधीची रडली, एवढं ऐकलं.
कुठली रडली ते आता तुम्हीच ठरवा."
मावशीच्या नवऱ्यानं भाकरीवर आणखी तूप मागितलं.
तुप्प म्हणाला. आई कळलं म्हणाली.

निघताना आईनं पदराची गाठ सोडली.
एक पाचाचं नाणं, एक दोनाचं.
"हे तुझं. कंडक्टरनं मला दिलंय."
मावशीनं पाच ठेवले,
दोन आईच्या मुठीत दाबून परत दिले,
आणि कोण्णूरच्या दिशेनं हात केला:
यायला लागतील.

दोन रुपयांत निपाणीचा स्टँडही सुटत नाही.
आईनं पुन्हा गाठ मारली.