तीन मिनिटं

हायस्कूलच्या व्यायामशाळेत खुर्च्या मांडायच्या होत्या,
सहा-सहा फुटांवर. मोजपट्टी सापडेना,
तेव्हा रखवालदार वेंडेल स्वतःच जमिनीवर आडवा झाला
आणि मी खडूने खुणा करत गेले,
एक डोक्याशी, एक टाचांशी.
चाळीस वेळा.
नंतर वाटलं, असं मोजायला नको होतं.

बास्केटबॉलचा गुणफलक आज घड्याळ.
प्रत्येकाला तीन मिनिटं, शून्याला भोंगा.
मी कौंटीची कारकून. कोण काय बोललं ते लिहायचं,
कसं बोललं ते नाही.
विषय क्रमांक चार : राज्याने काढलेली यादी,
काय अत्यावश्यक, काय नाही.

एमिल ह्रुश्का, न्हावी :
"सहा आठवडे नुसता वस्तरा पुसतोय.
समोर दारूचं दुकान उघडं, शेजारी बंदुकांचं उघडं.
माणसाने झिंगावं, गोळी झाडावी,
फक्त दाढी करून घेऊ नये?"
टाळ्या. हातमोज्यांतल्या टाळ्या
ओले कपडे आपटल्यासारख्या वाजतात.
लिहिलं : श्री. ह्रुश्का यांनी नापसंती व्यक्त केली.

ओपल टकर म्हणाल्या, रोपवाटिकेत दहा हजार टोमॅटो उभे आहेत,
रोपाला आदेश वाचता येत नाही.
कुणी खिशातून राज्यघटना काढली,
कुणी आजोबांचं युद्ध.
कुणी म्हणालं, साधा फ्लू तर आहे,
तेव्हा मागच्या रांगेतल्या एक बाई उठून गेल्या.
दार अगदी हळू लावलं त्यांनी.
ते दार मी लिहिलं नाही.

डेल्फीन मॅकॅडू, वृद्धाश्रमातली मदतनीस,
निळ्या गणवेशातच आली होती.
"आमच्या फाटकावर फलक लावलाय, इथे शूरवीर काम करतात.
शूरवीराला तासाला अकरा डॉलर. एक गाऊन, तीन दिवस पुरवायचा.
तुम्हाला अत्यावश्यक व्हायचंय?
घ्या, माझी रात्रपाळी घ्या. अकराला सुरू होते.
मला एक दिवस बिनमहत्त्वाचं होऊन
झोपायचंय."
टाळ्या नाहीत.
एमिल आपल्या बोटांकडे बघत राहिला.

यादीतलं शेवटचं नाव, सेव्हेरिनो फाल्को,
थडग्यांचे दगड कोरणारा. आजोबांपासून तेच.
टोपी हातात. माईकपासून लांबच उभा.
"शवपेट्यांचं दुकान चालू आहे. खड्ड्याचं यंत्र चालू आहे.
असायलाच हवं. माझी शेड बंद.
चौदा नावं थांबलीत.
पुरणं अत्यावश्यक,
नाव नाही?"

चाळीस सेकंद झाली होती.
घड्याळ थांबवायचं कुणाला सुचलं नाही.
उरलेली दोन मिनिटं वीस सेकंद तो तिथेच उभा,
आणि आम्ही सगळे
लाल आकड्यांखाली.
भोंगा वाजला तेव्हा वेंडेल दचकला.

इतिवृत्तात शांततेला रकाना नसतो.
लिहिलं : श्री. फाल्को यांनी एक प्रश्न विचारला.
चार विरुद्ध तीन मतांनी विषय पुढे ढकलला.

रात्री टाइप करत बसले. अत्यावश्यक, अत्यावश्यक,
एकतीस वेळा. इतक्यांदा
की ते एखाद्या औषधाचं नाव वाटायला लागलं,
साठा संपलेल्या.

तक्रारींचा फोनही माझ्याच टेबलावर असतो.
कोण फिरतंय, कुणाकडे पाहुणे, कुणाचं शटर अर्धं वर.
मंगळवारी एका बाईंचा आला.
"कब्रस्तानाच्या रस्त्याला, त्या शेडमधून
पहाटे टकटक ऐकू येते."
मी नाव विचारलं नाही.
म्हटलं, सुतारपक्षी असेल. एप्रिलात फार असतात.

"सुतारपक्षी," त्या म्हणाल्या.
मग बराच वेळ नुसता त्यांचा श्वास,
आणि मागे कुठेतरी किटलीची शिट्टी, कुणीच न उतरवलेली.

"बरं. मग त्या सुतारपक्ष्याला सांगाल का,
आमच्या फिलिपमध्ये
एल दोन आहेत."

हे मी लिहून घेतलं.