अर्धा गुण

टॉडमॉर्डनच्या चढावर हे मैदान. मैदान म्हणायचं आपलं.
चेंडू ठेवला तर खालच्या गोलकडे आपणहून घरंगळतो.
एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं मी,
'प्रतल सर्व दिशांना अमर्याद असते'.
इथे ते संपतं कालव्यापाशी,
बदकांनी तुडवलेल्या चिखलात.

शनिवारी आठाला नेव्हिल येतो.
चुन्याची चाकगाडी, खुंट्या,
आणि बारा यार्डांची दोरी, गाठी मारलेली:
तीनवर एक, पुढे चारवर, उरले पाच.
"जरा हे टोक धरता?"
धरते. लेकाचं जाकीट मला गुडघ्यापर्यंत येतं.
तो दोरी ताणतो, मागे सरतो, आणि ओल्या गवतात
काटकोन होतो.
गुण्या नाही, कोनमापक नाही,
पक्ष नाही, साध्य नाही.
कुणी शिकवलं? बापाने. भिंती रचायचा.
आणि बापाला? नेव्हिल खांदे उडवतो.
प्रमेयाचं नाव ओठांवर आलं होतं.
गिळलं.

मग रेषा. पांढरी, ओली, चांगली चार बोटं रुंद.
माझ्यातल्या बाईंना राहवत नाही:
रेषेला रुंदी नसते हो.
तो गाडी थांबवतो. विचार करतो खरोखर.
"मग पंचाला दिसते कशी?"

हुसेन पिंजारी. आठवी ब, तिसरा बाक.
नखाएवढी पेन्सिल, तीही बोथट.
लंबदुभाजक अचूक काढलेला, कंसांच्या खुणा जिथल्या तिथे,
आणि शेजारी माझी लाल शाई: रेषा जाड. वजा अर्धा.
"बाई, बारीक काढली तर मला दिसत नाही."
वर्ग हसला होता.
मीही.

चष्मा लागला असेल पुढे.
की कुणी विचारलंच नसेल.

नेव्हिल मधोमध खुंटी ठोकतो,
दहा यार्ड दोरी सोडून गोल फिरून येतो,
जिथून निघाला तिथे बरोबर,
आणि केंद्रावर डबा उपडा करतो.
ताटलीएवढा बिंदू.
लांबी आहे, रुंदी आहे, वरून थोडा चिखलही.

डोंगरामागून पाऊस निघालाय.
पोरं दहाला येतील, बारापर्यंत काही उरायचं नाही यातलं.
"सोडा आता," नेव्हिल लांबून ओरडतो, "झालं ते."
बघते तर दोरीचं टोक
अजून माझ्या मुठीत.